डाळिंबावरील तेलकट डाग आणि पेशींमधील पाणी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता, संगमनेर या तालुक्यांतील बागाइतदार डाळिंबाच्या ज्या रोगास ‘तेल्या’ म्हणतात, त्याच्या डागात तेलाचा अंशही नसतो. रोगट पान उजेडासमोर धरले असता कोवळा डाग अर्धपारदर्शक दिसतो. कागदावर तेलाचा थेंब पडावा तसा. नाव फसवे असले तरी त्यामागील निरीक्षण अचूक आहे.

निरोगी पानात पेशींमधील पोकळ्या हवेने भरलेल्या असतात. ओलसर पेशीभित्ती व हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. पोकळ्यांत पाणी शिरले की हे विखुरणे कमी होते आणि डाग उमटतो. हे पाणी तेथे साचावयास नको असते. पेशीरसात विद्राव्य द्रव्ये विपुल असल्याने पाणी पटलातून आत ओढले जाते. हेच तर्षण होय. त्यामुळे पेशीभित्तीवर कित्येक वातावरणांइतका दाब पडतो आणि पोकळ्या कोरड्या राहतात. पोकळीत जे थोडे पाणी येते, ते पर्णरंध्रांतून बाष्परूपाने निघून जाते.

रोगकारक जीवाणू झँथोमोनस वंशाचा असून १९५९ मध्ये हिंगोराणी व सिंग यांनी त्यास स्वतंत्र जातीचे स्थान दिले होते. आता तो एका व्यापक जातीचा ‘प्युनिकी’ हा प्रकार मानला जातो. पर्णरंध्रांतून अथवा जखमांतून तो पानात शिरतो, परंतु पेशीत प्रवेश करीत नाही. पोकळीत राहूनच तो सुईसारख्या सूक्ष्म नलिकेतून आपली प्रथिने पेशीत सोडतो. त्यांपैकी ‘झॉपएन’ हे प्रथिन डाळिंबाचा प्रतिकार मंदावते. टोमॅटोवरील एका सगोत्र जीवाणूविषयी २०१७ मध्ये असे दाखविण्यात आले की, त्याचे एक प्रथिन वनस्पतीच्याच जनुकांना चेतवून पेक्टिनचे विघटन करणारे विकर निर्माण करविते आणि भोवतालचे पाणी पोकळीत ओढले जाते. डाळिंबातही हेच घडते असे त्यावरून गृहीत धरणे उतावळेपणाचे होईल. जीवाणूचे बुळबुळीत शर्करावेष्टन पाणी धरून ठेवते, हे मात्र निश्चित.

हवा कोरडी असली तर साचलेले पाणी उडून जाते व जीवाणूची वाढ खुंटते. म्हणूनच पावसाळ्यात पोसणाऱ्या मृग बहरावर हा रोग तुटून पडतो आणि हस्त बहर पुष्कळसा वाचतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाने प्रसारित केलेला ‘भगवा’ वाणही रोगास बळी पडत असल्याने बहराच्या निवडीस विशेष महत्त्व येते. परंतु हस्त बहरासाठी पाणी तोडून झाडास ताण द्यावयाचा तो ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि या पर्जन्यछायेच्या जिल्ह्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरातच पडतो. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, ताण बसत नाही आणि फूल विरळ येते.