विश्लेषण : एम्बापेला फ्रान्सपेक्षा भारतात जास्त लोक ओळखतात? नांदेड-लातूरला लावून पाहू हिशोब

फ्रान्सचा फुटबॉलपटू किलियन एम्बापे याला फ्रान्सपेक्षा भारतातच जास्त लोक ओळखत असतील, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी १३ जुलै २०२३ रोजी पॅरिसमध्ये भारतीय समुदायासमोर म्हणाले होते. क्रिकेटवेड्या देशात हे कसे शक्य आहे?

गणित सोपे आहे. फ्रान्सची लोकसंख्या सुमारे ६ कोटी ८० लाख, भारताची १४० कोटींच्या वर. शंभर भारतीयांपैकी पाच जणांनी एम्बापेचे नाव ऐकले असेल, तरी आकडा ७ कोटींवर जातो. तान्ह्या बाळांसकट अख्खा फ्रान्स मागे पडतो. हाच हिशोब आपल्याकडे लावू. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्यात ३३ लाख ६१ हजार, लातूरमध्ये २४ लाख ५४ हजार लोक. दोन्ही मिळून ५८ लाख; त्यातले शंभरात पाच म्हणजे सुमारे २ लाख ९० हजार. क्लासेससाठी बाहेरगावची मुले येऊन राहतात त्या लातूर शहरात हे प्रमाण सहज गाठले जाईल. किनवट, जळकोटच्या वाड्या-तांड्यांसह सरासरी काढली, तर मात्र शंकेला जागा आहे.

नाव इथवर पोहोचले कसे?

१८ डिसेंबर २०२२. रविवार, रात्रीचे साडेआठ आणि जिओसिनेमावर फुकट प्रक्षेपण. एरवी चॅम्पियन्स लीगसाठी मध्यरात्रीनंतर जागावे लागते. हा विश्वचषकाचा अंतिम सामना जेवता जेवता मोबाइलवर दिसला. फ्रान्स दोन गोलांनी मागे असताना एम्बापेने दोन मिनिटांत दोन गोल केले, जादा वेळेत तिसरा. पेनल्टीवर फ्रान्स हरला, चषक मेस्सीने उचलला. पण ८ गोलांसह गोल्डन बूट एम्बापेला मिळाला.

मेस्सी-रोनाल्डोच्या तुलनेत?

बराच मागे. इन्स्टाग्रामवर रोनाल्डोचे ६० कोटींहून, मेस्सीचे ५० कोटींहून अधिक फॉलोअर्स आहेत. एम्बापेचे १२ कोटींच्या आसपास. फ्रेंच सहकाऱ्यांत तो पुढे आहे, आणि गंमत इथेच आहे. बॅलन डी'ओर हा मानाचा पुरस्कार करीम बेन्झेमाने २०२२ मध्ये, उस्मान डेम्बेलेने २०२५ मध्ये जिंकला. एम्बापेकडे तो अजून नाही. तो २०२४ मध्ये पीएसजी सोडून रियल माद्रिदला गेला आणि पुढच्याच हंगामात पीएसजीने पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली!

आपल्या खेळाडूंचे काय?

कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहारच्या लढतीला शाहू स्टेडियम भरते. मराठवाड्यात आयएसएलचा एकही संघ नाही. जून २०१८ मध्ये मुंबईत भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवले, सुनील छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली, तेव्हा प्रेक्षक होते २ हजार ५६९. छेत्रीने व्हिडिओ करून, शिव्या द्या पण मैदानात या, अशी विनवणी केली. पुढच्या सामन्याची तिकिटे संपली. त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याने आंतरराष्ट्रीय गोलांची संख्या ६४ वर नेली. त्या दिवशी मेस्सीचेही ६४ च होते.