इंजिन तेल का खाते?

मोटारीचे इंजिन तेल खाऊ लागले की ‘इंजिन उतरवावे लागेल’ हा निर्णय पुष्कळदा पहिल्याच दिवशी कानी पडतो. हा खर्च मोठा असतो. आणि दोष एखाद्या स्वस्त सीलमध्ये असेल तर तो सारा व्यर्थ जातो. यास्तव खर्चास मान्यता देण्यापूर्वी मालकाने कारण निश्चित करून घ्यावे, हे इष्ट होय.

प्रथम तेलाचा जमाखर्च मांडावा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थांबल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकवरील पातळी पाहावी. किलोमीटरचा आकडा व घातलेले तेल वहीत टिपावे. थोडा खप सर्वच इंजिनांत असतो. कित्येक निर्माते १००० किलोमीटरमागे अर्धा लिटरही मर्यादेत धरतात. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. त्यावर तेलाचे डाग पडले, तर तेल गळत आहे, ही गळती आधी थांबवावी.

डाग नसतील तर धुराकडे पाहावे. काळा धूर जादा इंधनाचा, निळसर धूर तेलाचा. तो केव्हा निघतो, यातच निदानाची किल्ली आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच, अथवा लांब उतारानंतर ॲक्सिलरेटर दाबताच निघाला, तर व्हॉल्व्हचे सील वा गाइड झिजले असावेत. चढावर भार ओढताना सतत निघाला, तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा. इंजिनातील वायू बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तरी तेल जळते. हा भाग बहुधा स्वस्त असल्याने आधी तपासावा. टर्बो असल्यास त्याचे सीलही पाहावेत.

यानंतर पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजवून घ्यावा. जेथे तो कमी भरेल तेथे चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा वा सिलिंडर झिजले आहेत. न वाढल्यास दोष व्हॉल्व्ह अथवा गास्केटकडे असावा. डिझेल इंजिनात तेल घालण्याचा हा प्रयोग करू नये. दाब उत्तम असूनही तेल जळत असेल, तर व्हॉल्व्हचे सील गेले असतील किंवा तेल पुसणाऱ्या रिंगा काजळीने अडकल्या असतील.

तोवर तेलाची पातळी मात्र उतरू देऊ नये. सीलचा दोष थोडक्यात निभावतो. तेलावाचून बेअरिंग जळाले, तर इंजिन उतरविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.