घरपट्टीची नोटीस आली? आधी घर मोजा!

व्यापारी बंधूंनो, कापडाचा तागा मोजल्याशिवाय आपण पेढीवर ठेवून घेत नाही. पण घरपट्टीच्या नोटिशीत आपले घर किती फुटांचे लिहिले आहे, हे कितीजण पाहतात? आम्हीही पाहिले नव्हते.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. बोलीची मराठी चालते, सरकारी मराठी जड जाते. महापालिकेची विशेष नोटीस घरी आली ती मुलाने वहीखाली ठेवून दिली. पुढे बिल आले ते जवळजवळ दुप्पट! तेव्हा नोटीस शोधून एका शिक्षक मित्राकडून वाचून घेतली. हरकतीची शेवटची तारीख छापलेली होती आणि ती उलटून गेली होती. त्या वर्षी निमूटपणे पैसे भरले. कोणी म्हणाले, "चहापाणी करा, काम होईल." आम्ही तो रस्ता धरला नाही.

पुढच्या आकारणीच्या वेळी आम्ही आकारणीचा उतारा मागितला आणि टेप घेऊन घर मोजले. उताऱ्यात 740 चौरस फूट बांधकाम होते. आमच्या मोजणीत 560 भरले. मधले 180 फूट म्हणजे आमचे उघडे अंगण! शिवाय पुढची खोली 'वाणिज्य वापर' म्हणून लावली होती.

भाडेमूल्यावर आकारणी होते तिथे हिशेब असा असतो: घराला महिना 1000 रुपये भाडे येण्यासारखे धरले, तर वर्षाचे 12,000. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, म्हणजे 10,800 हे करयोग्य मूल्य. त्यावर कराचे दर लागतात. दर ठरलेले असतात, त्यावर वाद घालून उपयोग नाही. वाद घालावा तो क्षेत्रफळ, वापर आणि धरलेले भाडे यांवर. (मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे, तिथला हिशेब वेगळा.)

आम्ही मुदतीत लेखी हरकत दिली. सोबत मंजूर नकाशा, जुन्या पावत्या, घराचे वीजबिल आणि बाजारातल्या दुकानाची भाडेपावती जोडली. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला. सुनावणीला स्वतः गेलो. फेरमोजणी झाली, अंगण वगळले गेले. खोलीची हरकत मात्र नामंजूर झाली, कारण पाहणीच्या दिवशी तिथे खरोखरच कापडाच्या गाठी होत्या. चूक आमची होती. गाठी दुकानात हलवल्या आणि वापर बदलल्याचा नवा अर्ज दिला.

हरकतीच्या निकालाने समाधान झाले नाही, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 प्रमाणे न्यायालयात अपील करता येते. मुदत फक्त 15 दिवस. त्याआधी हरकतीचा निकाल झालेला हवा आणि वादातील कराची रक्कम भरलेली हवी. म्हणून हरकतच दिली नसेल तर अपिलाचा दरवाजाही बंद. नगरपालिकांचा कायदा 1965 चा, निराळा आहे. तिथले नियम तिथेच विचारावेत.

ज्यांच्या घरात माग, शिलाईयंत्र किंवा माल आहे, त्या कारागीर बांधवांनी विशेष लक्ष द्यावे. जेवढ्या जागेत धंदा तेवढीच जागा धंद्याची लागावी; राहत्या खोल्या त्यात जाऊ देऊ नयेत.

नोटीस वाचता येत नसेल तर त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. आमचे एका वर्षाचे पैसे गेले ते न विचारल्यामुळे.