पट्टा आणि पिशवी

एस.टी.त उभे असताना चालकाने एकाएकी ब्रेक दाबला, तर आपण पुढे कोलमडतो. कोणी ढकललेले नसते. गाडी थांबते, पण शरीर मात्र पहिल्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. न्यूटनने सांगितलेले जडत्व ते हेच. मोटारीच्या टकरीत त्याचे रूप उग्र होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे आणि सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणे, यांतला आघात सारखाच. तो हातांच्या बळावर पेलता येत नाही.

मग शरीराला थांबवावे कसे? वेगाने आलेला झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो. चेंडू थांबायला थोडा अधिक वेळ मिळाला की हाताला कमी लागते. मोटारीतील सीट बेल्ट व एअरबॅग ही दोन्ही साधने याच तत्त्वावर उभी आहेत.

१९५९ साली स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांचा, तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा मोटारीत आला. कंपनीने त्याचे एकस्व इतर कारखानदारांसही खुले ठेवले. हा पट्टा खांदा, छाती व कंबर यांवरून जातो आणि आघाताचा भार तेथील बळकट हाडांवर वाटून देतो. डोके व मान मात्र मोकळीच राहतात. त्यांच्यासाठी एअरबॅग. टक्कर होताच संवेदक इशारा देतो, वायू निर्माण होतो आणि सेकंदाच्या सुमारे तीस सहस्रांश भागात, पापणी लवण्याच्या आत, पिशवी फुगते. लगेच तिच्या भोकांतून वायू निसटू लागतो. म्हणून ती उशीसारखी दबते.

“आमच्या गाडीत एअरबॅग आहे, मग पट्टा कशाला?” असे सुशिक्षित माणसेही विचारताना आम्ही ऐकतो. हा समज घातक आहे. पिशवी प्रचंड वेगाने उसळते. पट्टा नसलेला माणूस तोवर पुढे फेकला गेलेला असतो व फुगत्या पिशवीचाच तडाखा त्यास बसतो. पट्टा त्याला जागेवर धरतो, तेव्हाच पिशवी उपयोगी पडते. चालकानेही छाती सुकाणूचाकापासून निदान २५ सेंटिमीटर दूर ठेवावी. आणि मागे तोंड करून बसवायची तान्ह्या मुलाची खुर्ची चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

मागे बसणाऱ्यांचे काय? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागील आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. कायद्याने मागेही पट्टा सक्तीचा आहे. शिवाय मागचा मोकळा माणूस टकरीत पुढच्यावरच जाऊन आदळतो.

आपण वडीलधाऱ्यांना मानाने मागे बसवतो आणि “आरामात बसा” म्हणतो. त्याआधी “पट्टा लावा” एवढे म्हणण्याची सवय घरोघर लागावी, अशी आमची विनंती आहे.