व्होल्ट जुळले म्हणजे पत्रिका जुळली असं नाही

‘ड्रिल अठराचं, बॅटरी अठराची. मग चार्जर कशाला बदलायचा? जुना आहे की!’ हे वाक्य वर्षभरात इतक्या तोंडून ऐकलंय की आता मोजायचं सोडलं. शेवटचं ऐकलं ते आमच्या सुतारमामांकडून. त्यांचं जुनं कॉर्डलेस ड्रिल अजून ठणठणीत. फक्त निकेल-कॅडमियमची बॅटरी चार स्क्रू मारले की मान टाकायची. कुणीतरी बॅटरीचं तेच खोकं उघडून आत लिथियमचे पाच सेल बसवून दिले आणि चार्जर जुनाच वापरा म्हणून सांगितलं. मामांनी रात्री चार्जिंगला लावलं. पहाटे खोक्याचं प्लास्टिक एका बाजूने वितळून वाकडं झालं होतं आणि खोलीभर गोडसर, उग्र वास होता. एका सेलने आतला द्रव ओकला होता. आग लागली नाही, हे मामांचं नशीब.

दोन्ही बॅटऱ्यांवर ‘१८ व्होल्ट’ छापलेलं असतं, साम्य एवढंच. निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टचा, म्हणून खोक्यात १५ सेल. लिथियमचा ३.६ चा, म्हणून ५. पण हे झाले सरासरी आकडे. खरी गोची बॅटरी भरत आल्यावर होते.

निकेल-कॅडमियम पूर्ण भरली की तापू लागते आणि तिचं व्होल्टेज चढता चढता किंचित खाली येतं. चांगला चार्जर या खुणांवर नजर ठेवतो आणि थांबतो. स्वस्तातला चार्जर कशावरच नजर ठेवत नाही. रात्रभर थोडा थोडा करंट ढकलत राहतो. जास्तीच्या विजेची उष्णता होते आणि निकेल-कॅडमियम ती सोसते.

लिथियम सोसत नाही. नेहमीच्या लिथियम-आयन सेलची हद्द ४.२ व्होल्ट, विश्वास नसेल तर कुठल्याही नावाजलेल्या सेलची डेटाशीट उघडा. पाच सेलचे झाले २१. तिथे पोचलं की व्होल्टेज धरून ठेवायचं आणि करंट उतरवत न्यायचा, हे लिथियमच्या चार्जरचं काम. जुन्या चार्जरला ते शिकवलेलंच नाही. भरत आलेला निकेलचा एक सेल चार्जिंगवर १.४५ व्होल्टच्या आसपास जातो. पंधराने गुणा: २१.७५. आता तेच पाच सेलना वाटून द्या: ४.३५. म्हणजे जुना चार्जर त्याच्या हिशेबाने अगदी शहाण्यासारखा वागला, तरी लिथियमची हद्द ओलांडून जातो. आणि ज्या घसरणीची तो वाट बघत बसतो, ती लिथियम कधी दाखवतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आत बीएमएस बसवलं की झालं!’ अहो, घरात एमसीबी आहे म्हणून रोज रात्री एमसीबी पाडून कुणी दिवे विझवतं का? बीएमएस, म्हणजे सेलने हद्द ओलांडली की वीज तोडणारं सर्किट, ही शेवटची राखण आहे. रोजचं काम तिच्यावर टाकलं आणि ती एकदा चुकली, तर मागे कुणी नाही. पाच सेलचा २१ व्होल्टचा लिथियम चार्जर काही शे रुपयांत मिळतो. तेवढे वाचवायला माणसं घर पणाला लावतात, याचा मला राग येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘लॅपटॉपचे जुने सेल बसवा, माप तेच.’ माप तेच, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, म्हणून तर त्याला १८६५० म्हणतात. पण लॅपटॉपचा सेल साधारण ४-५ अँपिअर देतो आणि लाकडात अडकलेलं ड्रिल त्याच्या कितीतरी पट मागतं. सॅमसंगच्या २५आर सेलच्या डेटाशीटमध्ये २० अँपिअर लिहिलेत. घ्यायचे तर असे घ्या, आणि सगळे एकाच लॉटचे.

‘बॅटरी पार संपवूनच चार्ज करावी.’ हा निकेल-कॅडमियमचा नियम. लिथियमचा सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की बिघडतो आणि जुन्या ड्रिलला वेळेवर थांबायची अक्कल नाही. बीएमएस लागतं ते इथे.

‘लिथियमने मोटर जळेल.’ १८ च्या जागी पाच सेल असतील तर नाही. नुकतीच भरलेली जुनी बॅटरीही विसाच्या आसपासच असते. मात्र १२ व्होल्टच्या ड्रिलला चार सेल जोडले तर भरल्यावर १६.८ होतात, तेव्हा जपून.

‘२० व्होल्ट मॅक्स जास्त ताकदीचं.’ तेच पाच सेल; एकाने सरासरी छापली, दुसऱ्याने भरल्या क्षणाचा आकडा.

‘जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात चालते.’ नाही. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने २०१६ अखेर कॉर्डलेस हत्यारांसाठीही निकेल-कॅडमियमची नवी विक्री थांबवली. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती वेगळी गोळा करायची असते.

खोकं न उघडताही काम होऊ शकतं. काही कंपन्या जुन्या हत्याराला नवी बॅटरी लावायचा अडॅप्टर देतात, डीवॉल्टचा आहे. बॅटरी तिच्या स्वतःच्या चार्जरवर भरायची, काम संपलं की अडॅप्टर काढून ठेवायचा.

मामांचं खोकं आता नव्या सेलचं आहे, बीएमएससकट, आणि चार्जिंगची पिन बाजूला वेगळी. पण खोकं जुनंच, त्यामुळे जुन्या चार्जरमध्ये ते आजही खट्कन बसतं. मी हे दाखवल्यावर मामा काही बोलले नाहीत. पक्कड घेतली आणि जुन्या चार्जरची वायर कापून टाकली. म्हणाले, ‘पोरगं रात्री घाईत लावेल.’