आधी कामगार, मग सैनिक

कवितेवर बोलायची सवय असलेला मी माणूस. आज मात्र मला संगणकावरच्या एका लढाईच्या खेळाविषयी बोलायचे आहे. हा खेळ मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो आणि तो शिकण्याआधी माझ्या हातून एक चूक झाली होती. सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

मुलगा तेव्हा कॉलेजात होता. रात्री एकच्या सुमारास त्याच्या खोलीतून टकटक, टकटक असा आवाज यायचा. दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा रागाच्या भरात मी भिंतीवरचे बटणच बंद केले. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, ''अब्बा, आम्ही दोघे विरुद्ध दोघे खेळत होतो. माझा जोडीदार एकटा पडला.'' मला त्याचा अर्थ कळला नाही. पुढे आठ-दहा दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. शेवटी बायको म्हणाली, ''तो काय खेळतो ते एकदा बघा तरी. न वाचता पुस्तकाला नावे ठेवलेली तुम्हाला चालत नाहीत ना?'' एका रविवारी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

त्या खेळाचे नाव स्टारक्राफ्ट. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो १९९८ साली काढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'ब्रूड वॉर' ही त्याची पुरवणी आली. २०१० मध्ये दुसरा भाग निघाला. २०१७ मध्ये कंपनीने मूळ खेळ मोफत केला. कथा काही शतकांनंतरची, पृथ्वीपासून फार दूरच्या ग्रहांवरची. तिथे तीन वंश एकमेकांशी लढतात. टेरन म्हणजे पृथ्वीवरून हद्दपार झालेल्या माणसांचे वंशज. झर्ग हे टोळधाडीसारखे अंगावर येणारे जीव. प्रोटॉस हा प्राचीन, प्रगत आणि संख्येने थोडा असलेला वंश.

बुद्धिबळात तुम्ही चाल केलीत की समोरचा विचार करतो आणि तोवर घड्याळ त्याचे चालते. इथे पाळी नाही. दोघांचाही वेळ एकाच वेळी वाहत असतो. तुम्ही विचार करत बसता तेव्हा समोरचा घर बांधत असतो. दक्षिण कोरियात २००० च्या सुमारास या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवू लागले आणि लिम यो-ह्वान नावाचा खेळाडू तिथे एखाद्या क्रिकेटपटूसारखा घराघरांत माहीत झाला.

मुलाने मला खुर्चीत बसवले, समोर संगणकालाच प्रतिस्पर्धी म्हणून ठेवले आणि म्हणाला, ''खेळा.'' आठ मिनिटांत मी हरलो. सैन्य कमी म्हणून हरलो असे मला वाटले. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा दाखवला. माझ्याकडे १५०० खनिज शिल्लक होते. ''अब्बा, हे काय?'' म्हटले, ''बचत. अडीअडचणीला लागेल.'' तो हसला. त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. नवशिक्याने काय करावे हे त्याने मला ज्या क्रमाने सांगितले, त्याच क्रमाने सांगतो.

पहिला धडा कामगारांचा. खेळ सुरू होतो तेव्हा तुमच्याकडे एक मुख्य तळ, चार कामगार आणि ५० खनिज असते. एका कामगाराची किंमतही ५० च. म्हणजे पहिल्या क्षणी काय करायचे हे खेळाने ठरवूनच दिले आहे. चार कामगारांना खनिजाच्या वेगवेगळ्या ढिगांवर पाठवायचे आणि पाचवा बनवायला घ्यायचा. कामगार एका खेपेला ८ खनिज आणतो. सातव्या खेपेला त्याची किंमत वसूल होते आणि त्यानंतरची प्रत्येक खेप निव्वळ नफा. म्हणून सुरुवातीची काही मिनिटे मुख्य तळ एक क्षणही रिकामा बसता कामा नये. एक कामगार बाहेर पडला की दुसरा आत.

नवशिका काय करतो? मी केले तेच. लढाईचा खेळ म्हणून आधी सैनिकांच्या मागे लागतो. पाच-सहा सैनिक होतात आणि मग पुढचे बनवायला पैसाच नसतो. खनिजाच्या एका ढिगामागे साधारण दोन कामगार होईपर्यंत संख्या वाढवत राहावी. पुढे गर्दी होऊन ते एकमेकांची वाट पाहू लागतात. वायूच्या विहिरीवर मात्र तीनच पुरतात. आणि तळाला एकदम पाच कामगारांची ऑर्डर देऊन ठेवू नये. पाचांचे पैसे लगेच कापले जातात, कामगार मात्र एकेकच तयार होतो. चौघांचे पैसे उगाच अडकून पडतात.

दुसरा धडा जागेचा. घरात माणसे वाढली की खोली वाढवावी लागते. टेरनच्या मुख्य तळात सुरुवातीला दहा जणांची सोय असते. पुढच्या लोकांसाठी रसदघर बांधावे लागते. त्याला १०० खनिज लागते आणि आठ जणांची सोय होते. ते बांधायला वेळ लागतो, म्हणून दहा पूर्ण भरल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. जुन्या खेळाडूंचा हिशेब सोपा आहे. नऊ झाले की रसदघर, अकरा झाले की १५० खनिजाची सैनिकांची बराक. प्रोटॉसवाले आठवर आपला पायलॉन नावाचा खांब उभारतात. त्याच्या प्रभावाखालच्या जागेतच त्यांच्या बहुतेक इमारती चालतात. झर्गची सोय म्हणजे ओव्हरलॉर्ड नावाचा उडता जीव. वंश कोणताही असो, चूक एकच असते. ऐन लढाईत 'जागा नाही' असा संदेश येतो आणि पैसे असून सैनिक बनत नाहीत. लग्नघरात पाहुणे दारात आल्यावर गाद्या शोधायला निघण्यासारखेच आहे हे.

तिसरा धडा मला सर्वांत जड गेला. पैसा साठवायचा नाही. आमची पिढी 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकत वाढली. या खेळात मात्र साचलेले तळे म्हणजे न जन्मलेले सैन्य. माझ्या त्या १५०० खनिजात दहा बराकी झाल्या असत्या किंवा तीस साधे सैनिक झाले असते. त्यांतले पंधरा जरी दारात उभे असते तरी मी आठव्या मिनिटाला मेलो नसतो. शिल्लक वाढू लागली याचा अर्थ उत्पन्न वाढले, खर्चाची दारे कमी पडली. तेव्हा एका बराकीसमोर लांब रांग लावण्याऐवजी दुसरी, तिसरी बराक बांधावी. या खेळातली खरी बचत म्हणजे ४०० खनिज खर्चून नव्या जागी दुसरा तळ उभारणे. तो पुढे उत्पन्न जवळजवळ दुप्पट करतो. हे ऐकताना मला माझी वही आठवली. चांगली ओळ सुचली की मी ती पुढच्या मोठ्या कवितेसाठी राखून ठेवतो. ती मोठी कविता येत नाही आणि ती ओळ वहीतच शिळी होते.

चौथा धडा टेहळणीचा. नकाशा सुरुवातीला काळोखा असतो. तुमचा माणूस जिथे जातो तिथला भाग उजळतो, तो पुढे गेला की तिथे पुन्हा धुके. जमीन दिसते, पण शत्रूच्या हालचाली दिसत नाहीत. म्हणून पहिले रसदघर किंवा बराक बांधणारा कामगार मोकळा झाला की त्यालाच शत्रूच्या घराकडे पाठवावे. एका कामगाराची कमाई थोडा वेळ बुडते, पण मिळणारी बातमी मोलाची असते. त्याने दुसरा तळ बांधायला घेतला असेल तर हल्ला उशिरा येणार, तुम्हीही दुसरा तळ घेऊ शकता. बराकी भराभर वाढत असतील आणि दुसऱ्या तळाचे नाव नसेल, तर तो लवकरच दारात येणार.

सर्वांत घाईचा हल्ला झर्गचा. तो एकही नवा कामगार न बनवता २०० खनिज जमवतो, प्राणी निपजवणारे तळे बांधतो आणि सुमारे तीन मिनिटांत सहा चपळ, कुत्र्यांसारखे जीव तुमच्या अंगणात सोडतो. नवशिका इथे घाबरतो आणि हरतो. उपाय आहे. बऱ्याच नकाशांत तुमचे घर उंचवट्यावर असते आणि वर यायला एकच चढण असते. तिच्या तोंडाशी बराक आणि रसदघरे अशी बांधावीत की वाट जेमतेम उरेल. खालून वर गोळी मारणाऱ्याचे जवळजवळ निम्मे नेम चुकतात, तोही फायदा. तरीही शत्रू आत घुसलाच तर कामगारांनाही लढायला लावावे. हा पहिला मारा तुम्ही परतवलात तर बाजी तुमची. कारण समोरच्याकडे अजून मोजकेच कामगार आहेत, त्याने उद्याचे बियाणे आजच खाल्ले आहे.

पाचवा धडा म्हणजे सगळे शिकायचा हट्ट धरू नये. तीन वंशांपैकी एक निवडावा आणि महिनाभर तोच खेळावा. प्रत्येक शस्त्राला उतारा आहे. टेरनचा रणगाडा पाय रोवून उभा राहिला की फार दूरवर मारा करतो, पण अगदी जवळ आलेल्या शत्रूपुढे हतबल होतो. प्रोटॉसचा झीलट जमिनीवर शूर, पण आकाशातल्या शत्रूला हात लावू शकत नाही. त्यांचा डार्क टेम्पलर तर डोळ्यांना दिसतच नाही. त्याच्यासाठी टेहळणीचे बुरूज आधीच बांधलेले हवेत. हा पसारा हळूहळू कळतो. सुरुवातीला दोन-तीन प्रकारचे सैनिक पुरे.

हातांची सवयही हवी. माऊसने चित्र शोधत बसण्यापेक्षा कळफलकावरची अक्षरे पाठ करावीत. सैनिकांची तुकडी निवडून कंट्रोल आणि एक आकडा दाबला की पुढे तो आकडा म्हणजे ती तुकडी. जुन्या खेळात एका तुकडीत बाराच जण मावतात. कसलेले खेळाडू मिनिटाला तीनशेच्या वर कळा दाबतात. मला रात्री ऐकू येणारी टकटक हीच होती. पण वेग हे सर्वस्व नाही. २०१८ च्या अखेरीस डीपमाइंड या कंपनीच्या अल्फास्टार या प्रणालीने दुसऱ्या भागात नाणावलेल्या खेळाडूंना हरवले. नंतर तिच्या वेगाला मर्यादा घालूनही ती वरच्या श्रेणीत पोचली. निर्णय बरोबर असावे लागतात, बोटे मागून शिकतात. माझी बोटे अजून शिकत आहेत.

आता पालकांसाठी थोडे. मुलांनी रात्र-रात्र खेळावे असे मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन खेळण्यास बंदी करणारा कायदा आणला आणि २०२२ च्या सुरुवातीला तो रद्द झाला. त्यानंतर ही जबाबदारी कुटुंबावर आली. आमच्या घरात आम्ही घड्याळाऐवजी डाव मोजायचे ठरवले. एक डाव साधारण वीस-पंचवीस मिनिटांचा. ''दहा वाजले, ऊठ'' म्हटले की भांडण होते, कारण दहा वाजता तो लढाईच्या मध्यात असतो. ''दोन डाव, मग झोप'' म्हटले की तो स्वतःच उठतो. डाव संपताना हरलेला समोरच्याला 'जीजी' असे लिहितो. म्हणजे 'छान खेळलात'. भांडून नव्हे, हार मान्य करून बाहेर पडायचे, अशी ही रीत.

आणि दोघे विरुद्ध दोघे म्हणजे काय, तेही मला खेळूनच कळले. दोघांपैकी एकाचा तळ रिकामा झाला की दोन सैन्ये दुसऱ्यावर एकदम तुटून पडतात. त्या रात्री मी संगणक बंद केला असे मला वाटत होते. कुठल्याशा गावातला एक मुलगा माझ्यामुळे दोन सैन्यांपुढे एकटा राहिला होता. मी मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, ''जाऊ द्या अब्बा, तुम्हाला कुठे माहीत होते?''

आता तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आहे. रविवारी रात्री आम्ही दोघे एका बाजूने संगणकाविरुद्ध दोन डाव खेळतो. मागच्या रविवारी माझ्या चढणीवर झर्ग आले, भिंत फुटली आणि मी घाबरून सगळे सोडून सैनिकांकडे पाहत बसलो. पडद्याच्या कडेला त्याची ओळ आली, ''मी येतोय. तुम्ही कामगार बनवणे थांबवू नका.''

मी तळावर गेलो. ५० खनिज होते. एक कामगार लावला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)