ताशी दराचा प्राध्यापक आणि राजकारण

आपल्या महाविद्यालयांत आज एक असा वर्ग आहे, की जो धड विद्यार्थीही नाही आणि धड प्राध्यापकही नाही. एम. ए. होऊन काही वर्षे लोटलेली, नेट किंवा सेट उत्तीर्ण झालेली, पीएच. डी.चा प्रबंध अर्धामुर्धा लिहून झालेला, आणि आठवड्यातल्या मोजक्या तासिका एका महाविद्यालयात, तर उरलेल्या दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात. शासकीय कागदोपत्री त्याला 'तासिका तत्त्वावरील' शिक्षक असे म्हणतात; शिक्षक-कक्षात मात्र 'सीएचबीवर आहे' एवढ्यावर त्याची ओळख संपते. वर्गातील मुले त्याला 'सर' किंवा 'मॅडम' म्हणतात. विद्यापीठात मार्गदर्शकांच्या दारात मात्र तो पुन्हा विद्यार्थी होऊन ताटकळत उभा राहतो.

हा माणूस दिवसभर कसला विचार करतो? प्रस्तुत लेखक अर्थशास्त्र शिकवितो आणि असे काही तरुण सहकारी त्याच्या रोजच्या सहवासात आहेत. त्यांच्या बोलण्यावरून सांगावयाचे, तर सकाळच्या एस. टी.त पहिला विचार असतो तो तासिकांचा. या महिन्यात किती भरल्या, स्नेहसंमेलनात किती बुडाल्या आणि मागल्या सत्राचे बिल कुठे अडले? दुसरा विचार प्रबंधाचा. तिसऱ्या प्रकरणाची आकडेवारी जमविली, पण ती मांडावयास सलग आठ दिवस मिळत नाहीत. आणि तिसरा विचार राजकारणाचा. ग्रंथालयातील वर्तमानपत्रे तो अग्रलेखासकट वाचतो. 2024 या एकाच वर्षात महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या. मतदारसंघागणिक मताधिक्याचे आकडे त्याला मुखोद्गत होते. 2022 आणि 2023 या वर्षांत राज्यातील दोन प्रमुख पक्ष फुटले, तेव्हा मुलांनी तास संपल्यावर त्यालाच गाठून पक्षांतरबंदी म्हणजे नक्की काय, असे विचारले. 1985 साली आलेली दहावी अनुसूची आणि 2003 साली तिच्यात झालेला बदल त्याने व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावून सांगितला. त्या अर्ध्या तासाची नोंद अर्थातच कोणत्याही हजेरीपटावर झाली नाही.

पण या तिसऱ्या विचाराचे पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो शेतमालाचे भाव, आरक्षण, केंद्र-राज्य संबंध यांवर तावातावाने बोलत असतो. पाचव्या-सहाव्या वर्षी त्याच्या राजकारणाचा परीघ आकसू लागतो. पदभरतीला वित्त विभागाची मान्यता मिळाली का, आचारसंहिता लागण्यापूर्वी जाहिरात निघेल का, नवे मंत्री आले तर जुना निर्णय टिकेल का, एवढेच प्रश्न उरतात. वर्तमानपत्र तो तेवढेच वाचतो. परंतु वाचतो ते उमेदवार म्हणून, नागरिक म्हणून नव्हे. हा संकोच स्वाभाविक आहे, त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र त्याने जे नुकसान होते ते त्याच्या एकट्याचे नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या संघटनांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

शिकता शिकता शिकविणारा आणि शिकविता शिकविता राजकारणाकडे डोळसपणे पाहणारा माणूस महाराष्ट्राला अपरिचित नाही. किंबहुना आपले आधुनिक सार्वजनिक जीवन ज्यांनी घडविले, त्यांत अशा माणसांचा वाटा मोठा आहे. गोपाळ कृष्ण गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिरले तेव्हा ऐन विशीत होते. वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा आणि दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन, हा आजीव सदस्यांचा करार होता. त्यांनी गणित शिकविले, इंग्रजी शिकविले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. अध्यापन चालू असतानाच ते सार्वजनिक सभेचे काम पाहत होते आणि 1897 साली वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या वित्तव्यवस्थेवर साक्ष देऊन आले. 1902 साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त होऊन ते केंद्रीय कायदे कौन्सिलात गेले. त्यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांना जी धार आली, ती वर्गात आकडे समजावून सांगण्याच्या सवयीतून आली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

शिक्षकाने बाहेरची कामे करावीत की नाहीत, हा वादही पुण्यात तेव्हाच रंगला होता. आजीव सदस्याने आपली सारी शक्ती संस्थेलाच द्यावी, असा टिळकांचा आग्रह होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेणे त्यांना पसंत नव्हते. मतभेदाचे मुद्दे इतरही होते आणि अखेर 1890 साली टिळकच संस्थेबाहेर पडले. या वादात कोणाची बाजू बरोबर, हा येथे प्रश्न नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे, की दोन्ही पक्षांनी शिक्षकाकडे पूर्ण मनुष्य म्हणून पाहिले. त्याचा सारा वेळ कोणाचा, संस्थेचा की देशाचा, असा तो वाद होता. त्याचा एक तास किती रुपयांचा, असा नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना 1917 साली लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर टाकून परत यावे लागले. नोव्हेंबर 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. परतून अभ्यास पुरा करण्यासाठी पैसा साठविणे हा त्यामागील एक हेतू होता. म्हणजे खऱ्या अर्थाने ते तेव्हा शिकणारे शिक्षक होते. त्याच वर्षी लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरील त्यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. जानेवारी 1919 मध्ये त्यांनी मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले; सरकारी महाविद्यालयातील नोकरीमुळे संपादक म्हणून नाव मात्र पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. मार्चमध्ये राजीनामा, त्याच महिन्यात माणगावची परिषद, आणि पगारातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या आधारावर पुन्हा लंडन. अवघ्या दीड वर्षाच्या प्राध्यापकीत एवढे सारे घडले. आणि हे घडत असता प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकारी हरकत घेत होते.

गोखल्यांचे वेतन तुटपुंजे होते, आंबेडकरांच्या वाट्याला अपमान होता. तेव्हा सुखवस्तूपणामुळे ही माणसे विचार करू शकली, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु दोघांनाही एक गोष्ट लाभली होती: पुढच्या महिन्यात आपण कोठे असू, हे त्यांना ठाऊक होते. गरिबी माणूस पत्करू शकतो, तिचे व्रतही करू शकतो. अनिश्चिततेचे व्रत होत नाही. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत आणि नव्याने नेमणूक, अशी दहा वर्षे काढलेल्या माणसाकडून दीर्घ पल्ल्याच्या विचाराची अपेक्षा करणे म्हणजे भाड्याच्या खोलीत आंब्याचे झाड लावावयास सांगणे होय.

यावर अर्थशास्त्रातूनच एक आक्षेप येऊ शकतो. कामाच्या मापाने दाम, हे तत्त्व अॅडम स्मिथसारख्या आचार्यानेच सांगितले नाही काय? 1776 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांची चांगलीच हजेरी घेतली आहे. निश्चित वेतन मिळत असल्यामुळे त्यांनी शिकविण्याचे सोंगदेखील टाकून दिले, अशी त्याची तक्रार होती. तक्रार खरी असेल, आणि कायम पगारदारांपैकी काहींना ती आजही लागू पडेल. पण स्मिथ ज्या पद्धतीचा पुरस्कार करीत होता, तीत फी विद्यार्थी देत आणि शिक्षकाची परीक्षाही तेच करीत. आपल्या ताशी दराचा विद्यार्थ्यांच्या समाधानाशी काडीचाही संबंध नाही. उत्तम शिकविलेली तासिका आणि रेटून नेलेली तासिका यांचे बिल सारखेच निघते. शिवाय ग्लासगो येथे स्मिथला विद्यार्थ्यांच्या फीबरोबर स्वतःचे अध्यासन आणि त्याचे वेतनही होते. आपण त्याच्या पद्धतीतील असुरक्षितता तेवढी उचलली आणि तिच्यातील प्रेरणा वगळली.

आता हिशेबाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली अतिथी अध्यापकांसाठी प्रत्येक व्याख्यानास 1,500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 रुपये असे मानधन सुचविले. म्हणजे महिन्याला साधारण तेहतीस व्याख्याने झाली, की मर्यादा गाठली जाते. सर्वत्र हा दर मिळतो असे नाही आणि एवढ्या तासिकाही क्वचितच कोणाच्या वाट्याला येतात. पण दर पुरेसा आहे असे क्षणभर मानले, तरी मुख्य प्रश्न सुटत नाही. मागणीची लवचिकता चांगली शिकवावयाची तर एका तासामागे दोन तासांचे वाचन लागते. ते कोणाच्या खात्यावर टाकावयाचे? उत्तरपत्रिका, पर्यवेक्षण, प्रवेशाचे दिवस, नॅकच्या भेटीपूर्वी रात्री उशिरापर्यंत लावलेल्या फायली, या कामांना तासिका नसते. नाही म्हणण्याची सोयही नसते. दिवाळी आणि मे महिन्यात तास नाहीत म्हणून दाम नाही. घरभाडे मात्र सुटीवर जात नाही.

याचा परिणाम वर्गातील बोलण्यावरही होतो. मॅक्स वेबरने 1917 साली म्युनिकमध्ये विद्येच्या व्यवसायावर व्याख्यान दिले, तेव्हा त्याने आरंभ केला तो जर्मनीतील बिनपगारी, केवळ विद्यार्थ्यांच्या फीवर जगणाऱ्या अध्यापकाच्या सांपत्तिक स्थितीपासून. त्याच व्याख्यानात त्याने बजावले, की व्याख्यानपीठ ही पक्षप्रचाराची जागा नव्हे. हा इशारा योग्यच आहे. समोरच्या मुलांना उत्तर देण्याची बरोबरीची सोय नसताना शिक्षकाने आपले मत त्यांच्यावर लादू नये. पण संयम आणि भीती यांत फरक आहे. आपले मत असूनही ते आवरून दोन्ही बाजू मांडणे, हा संयम. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा पक्ष कोणता, हे आठवून विषयच टाळणे, ही भीती. ज्याची नेमणूक दर वर्षी संपते, त्याला हा फरक जपणे फार महाग पडते. सहकार शिकविताना साखर कारखान्याचे नाव घ्यावयाचे की नाही, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. आणि मुलांना त्या वर्षी सहकाराची केवळ व्याख्या मिळते.

आपल्या घटनाकारांना शिक्षकाच्या राजकीय विवेकाचे मोल कळले होते. घटनेच्या 171 व्या अनुच्छेदाने विधानपरिषदेतील एक-द्वादशांश जागा पदवीधरांकडे आणि तितक्याच शिक्षकांकडे सोपविल्या. महाराष्ट्राच्या 78 सदस्यांच्या परिषदेत त्या प्रत्येकी सात आहेत. सुशिक्षितांचा आवाज पक्षीय कोलाहलापासून थोडा वेगळा ऐकू यावा, ही त्यामागील अपेक्षा. आज या निवडणुका पक्षच लढवितात, आणि मतदार-नोंदणीचे अर्ज घेऊन दारोदार हिंडणाऱ्यांत आमचा ताशी दराचा सहकारीही असतो. त्याला त्या उमेदवाराचे विचार पटलेले असतात असे नाही. निवडून आल्यावर तो आपल्या जागेसाठी शब्द टाकील, एवढी आशा असते. विवेकाचे मत मागण्यासाठी निर्मिलेल्या मतदारसंघात अगतिकतेचे मत पडू लागले, तर त्या तरतुदीत उरले काय?

शासनाकडे पैसा नाही, आणि काही विषयांना विद्यार्थीच उरले नाहीत, असे सांगितले जाते. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. तात्पुरती गरज तात्पुरत्या माणसाने भागविण्यास हरकत नाही. पण तीच जागा, तोच विषय आणि तोच माणूस असे आठ-दहा वर्षे चालले, तर गरज कायम आहे आणि केवळ जबाबदारी तात्पुरती ठेवली आहे, हे उघड होते. पैशाबद्दल म्हणावयाचे, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने 1966 साली केली. 1968, 1986 आणि 2020 या तिन्ही शैक्षणिक धोरणांनी ती शिरोधार्य मानली. हा आकडा आमचा हा सहकारी दर वर्षी फळ्यावर लिहितो. मुलांनी तो वहीत उतरून घेतला, की त्याचे कार्य संपते.

मागणी फार मोठी नाही. सलग दोन वर्षे एकाच विषयाच्या तासिका घेणाऱ्यास तासांऐवजी पूर्ण वर्षाचा, बारा महिन्यांच्या निश्चित वेतनाचा करार द्यावा. तयारी, परीक्षा आणि कार्यालयीन काम यांची मोजणी कामाच्या व्याख्येत करावी. रिक्त पदांची जाहिरात दर वर्षी ठरलेल्या महिन्यात निघावी, म्हणजे ती कोणाच्या कृपेवर अवलंबून राहणार नाही. आणि आम्ही जे कायम आहोत, त्यांनी एवढे तरी करावे, की विभागाच्या बैठकीत त्याला खुर्ची द्यावी आणि आपली नको असलेली कामे त्याच्या गळ्यात घालू नयेत. यांतील शेवटच्या गोष्टीस कोणत्याही खात्याची मान्यता लागत नाही.

या वर्गात आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर असलेले तरुण आणि तरुणी पुष्कळ आहेत. गावाचे जीवन आणि ग्रंथांतील सिद्धांत या दोहोंची ओळख असलेला असा शिक्षक यापूर्वी आपल्याला एवढ्या संख्येने कधी मिळाला नव्हता. दुष्काळ, कर्ज, स्थलांतर यांवर वर्गात बोलण्याचा अधिकार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला आहे? त्याने त्यावर बोलावे, लिहावे, सत्तेला आणि विरोधकांनाही अडचणीचे प्रश्न विचारावेत, यातच समाजाचे हित आहे. त्याच्याकडून आपण केवळ तास विकत घेत राहिलो, तर तास तेवढे पुरे होतील. त्या तासांतून नागरिक घडावेत, ही अपेक्षा मात्र मग आपण ठेवू नये.